तिराबच्या नावाचं दळण

१

तिराबच्या दगडातून निघालेलं सोनं माझ्या जपमाळेच्या एका मण्याएवढंही नव्हतं.

गुरुवार होता, अस्रची, म्हणजे दुपार उलटल्यावरची, नमाज होऊन गेली होती. दगड दळायच्या गिरणीवर काम करणाऱ्या जिद्दोनं निखाऱ्यावरची लोखंडी वाटी चिमट्यानं उचलून वाळूत ठेवली आणि भोवती जमलेली माणसं एकदम वाकली. पारा जळून उडून गेला होता. वाटीच्या तळाशी एक पिवळा कण चिकटला होता. जेवताना दाताखाली आला तर माणूस खडा म्हणून थुंकून टाकील, असा.

"बाकीचं कुठाय?" अद्लाननं विचारलं.

"एवढंच निघालं, दादा," जिद्दो म्हणाला.

"एवढंच? अरे, त्या दगडापायी तिराब गेला."

जिद्दो चिमटा हातात तसाच धरून उभा राहिला.

तिराब आणि अद्लान एका विहिरीचे भागीदार. आमच्याकडे सोन्याच्या खड्ड्याला विहीरच म्हणतात, आत पाण्याचा थेंब नसला तरी. मागच्या महिन्यात त्या विहिरीची एक बाजू ढासळली आणि तिराब खाली दबून मेला. त्यानं भरलेल्या शेवटच्या गोण्या त्याआधीच वर आल्या होत्या. अद्लाननं कबरीवर माती लोटल्यावर तिथेच सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की या गोण्यांत माझा वाटा नाही, हे कलतूमाचं. कलतूमा म्हणजे तिराबची बायको. ती दूर नुहूदला राहते, पदरात दोन मुली. तिचा भाऊ बुशारा सोनं न्यायला येऊन बसला होता.

आणि दगड चांगला होता, यात कुणाला शंका नव्हती. अद्लाननं त्यातला मूठभर चुरा मुक्कामावर, तंबूपाशी, थाळीत धुऊन पाहिला, तेव्हा थाळीभर पिवळी रेघ उमटली होती. ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

"याची झडती घ्या," बुशारा म्हणाला.

जिद्दोनं कुणी हात लावायची वाट पाहिली नाही. अंगातला लांब जलाबिया उतरवला, चपला झटकल्या, तोंड उघडून जीभ वर केली. गिरणीचं चाक, खालचं कुंड, पारा पिळायचं फडकं, सगळं उलटंसुलटं करून झालं. काही मिळालं नाही. तरी सूर्य बुडेपर्यंत चोर हा शब्द त्याच्या अंगाला चिकटला तो चिकटलाच. पारा त्याच्या हातात असतो, फडकं तो पिळतो. मग दुसरं कोण?

बाजारातल्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं, रविवारी दुपारच्या नमाजेपर्यंत सोनं पुढे आलं नाही तर जिद्दोला बाजारातून काढायचं. पाऱ्यावरून काढलेल्या माणसाला नदीपासून डोंगरापर्यंत एकही गिरणी उभी करत नाही. जिद्दो दार्फूरचा. त्याचं गाव जळालं, तेव्हापासून त्याला जायला गिरणीखेरीज जागा नाही.

सोमवारी आणि गुरुवारी माझा रोजा असतो; मी खजूर तोंडात घालून तो सोडला. खजुराची चव काही कळली नाही.

२

हा बाजार मी उठताना पाहिला आहे. पहिल्या वर्षी इथे वाळू आणि दोन खडक होते. मग कुणीतरी जमिनीवर फिरवायचं यंत्र आणलं, त्यानं शीळ घातली आणि वाळूतून मुठीएवढा सोन्याचा गोळा निघाला. बातमी रेल्वेच्या रुळांवरून पळाली. शेतकरी नांगर ठेवून आले, मास्तर शाळेला कुलूप घालून आले, परीक्षा अर्धी टाकून पोरं आली. त्यांतले थोडे घर बांधून परत गेले, बरेच जण रिकाम्या हातानं गेले, काही तिराबसारखे इथेच टेकडीवर निजले. मी निखारे आणि किटली घेऊन आले. सोनं कुणालाही मिळो न मिळो, चहा सगळ्यांनाच लागतो. मला सगळे मस्तूरा मावशी म्हणतात.

माझ्या बाकड्यावर रोज सकाळी पहिली कॉफी खलफल्ला काका घेतात. ते आयुष्यभर मालगाडीवर गार्ड होते. पेन्शन वेळेवर येईना, म्हणून नशीब काढायला आले. नशीब निघालं नाही, पण त्यांना इथे मान मिळाला. कुणाचं भांडण झालं की लोक त्यांना बोलावतात, कारण ते निकाल द्यायची घाई करत नाहीत. त्यांच्या गळ्यात गार्डाची शिट्टी अजून लटकलेली असते. ती वाजवलेली मात्र कुणी ऐकली नव्हती.

शुक्रवारी सकाळी आलं घातलेल्या कॉफीचा घोट घेऊन ते म्हणाले, "मस्तूराबाई, काल तुम्ही सुरुवातीपासून तिथे होतात. काय काय झालं, ते ओळीनं सांगा. काही गाळू नका."

मी आठवत गेले. एरवी करामा होतो तो सोनं हाती आल्यावर आणि तोही मुक्कामावर. देवाचे आभार मानून मेंढा कापायचा आणि येईल त्याला जेवू घालायचं. पण हे दळण मेलेल्या माणसाचं. अद्लान म्हणाला, आधी त्याच्या नावानं लोकांची पोटं भरू देत, मग चाक फिरू दे. म्हणून दुपारी गिरणीच्या अंगणातच मेंढा कापला. रक्ताचा पंजा गिरणीच्या खांबावर उमटवला. मोठमोठ्या परातींत रोटीचे तुकडे, भात, वरून चरबीचा रस्सा आणि मटण. अख्खा बाजार जेवला.

"तुम्ही?"

"माझा रोजा होता. मी हात धुवायला पाणी घालत होते. झारी, साबण आणि खाली ते पाणी झेलायला तसराळं."

"मग?"

"तसराळं भरलं. कुठे रिकामं करू म्हणून मी बघत होते, तर हाजी हसबो म्हणाले, 'वाळूला कशाला पाजताय, मस्तूराबाई? टँकरवाला काय माझा मेव्हणा आहे?' सगळे हसले. मग त्यांनीच ते माझ्या हातातून घेतलं."

काकाही हसले. हाजी हसबो गिरणीचे मालक. या बाजारात पाणी कुणीच टाकत नाही, पण हाजी तर नमाजेआधी वुजूला हातपाय धुतानाही खाली बादली ठेवतात, असं लोक चेष्टेनं म्हणतात.

"नंतर गिरणी सुरू झाली?"

"लगेच. अद्लान आणि बुशारानं गोण्या ओतल्या. चाक फिरायचं थांबेपर्यंत अर्धा बाजार तिथेच बसून होता."

काकांनी पेला खाली ठेवला. "म्हणजे इतक्या डोळ्यांसमोर सोनं गेलं. चला, ज्यांच्या हातातून गेलं त्यांना विचारू."

३

अद्लान आपल्या तंबूबाहेर बसला होता. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"मला विचारायला आलात ना, की गोण्या बदलल्या का? विचारा. लोक विचारायला लागलेत. भागीदार मेला, भागीदारानं दगड बदलला."

"बदलल्यास का?" काकांनी साधेपणानं विचारलं.

"काका, मला घ्यायचंच असतं, तर कबरीवर उभा राहून माझा वाटा नाही असं कशाला बोललो असतो? गप्प राहिलो असतो तरी निम्मं माझंच होतं."

"गोण्या महिनाभर कुठे होत्या?"

"इथे, तंबूत. बुशारा आल्यावर तो त्यांच्यावरच झोपायचा. वाणी धान्यावर झोपतो तसा."

बुशारा आतून बाहेर आला. "मग काय तुमच्या भरवशावर ठेवू? माझ्या मेव्हण्याला तुम्ही जमिनीखाली ठेवलंत, दगड तरी वर राहू देत म्हटलं."

अद्लान उठला. मी मध्ये झाले. "बसा रे दोघं. तिराब असता तर तुम्हा दोघांनाही ओरडला असता."

बुशारा ओशाळला. तो वाईट माणूस नव्हता. बहिणीला काय सांगायचं, या चिंतेनं करवादला होता. "मावशी, ती विचारेल, एवढासा दाणा? माझ्या माणसाचं एवढंच? मी काय उत्तर देऊ?"

काकांनी रिकाम्या गोण्या मागितल्या. एकेक उलटी करून शिवणीत अडकलेली धूळ झटकली. ओंजळभर चुरा जमला. तो त्यांनी माझ्या बाकड्यावर आणला, दगडावर बारीक वाटला आणि थाळीत घेतला. मी रांजणातलं प्यायचं पाणी दिलं. थाळी गोल फिरवत ते हळूहळू पाणी सोडत गेले. काळी वाळू सरकली आणि मागे उरली पिवळी रेघ. बारीक, पण स्पष्ट.

"दगड बदललेला नाही," काका म्हणाले. "जे अद्लाननं मुक्कामावर धुतलं तेच गिरणीत गेलं. हे दोघंही यातून सुटले."

बुशारानं अद्लानकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"म्हणजे राहिला जिद्दोच," तो म्हणाला.

४

जिद्दो गिरणीच्या मागच्या भिंतीला टेकून बसला होता. मी चहा दिला. त्यानं पेला घेतला, पण ओठाला लावला नाही.

"मावशी, चोराला चहा पाजताय. लोक बघतायत."

"बघू देत. साखर जास्त घातलीय, तेवढी गोड मानून घे."

काका त्याच्या शेजारी वाळूत बसले. "मला गिरणीतलं काही कळत नाही, बाबा. मला डबे, रूळ आणि कंदील कळतो. तू मला सांग, सोनं कसं काढतोस?"

"दगडाचं पीठ होतं. त्यात पाणी आणि पारा. सोनं दिसलं की पारा त्याला गिळतो. पीठ वाहून खाली गाळाच्या खड्ड्यात जातं, पाणी निथळून परत हौदात येतं. तेच पाणी पुन्हा वर. शेवटी पारा गोळा करायचा, फडक्यात पिळायचा, गोळा राहतो तो जाळायचा."

"आणि काल काय वेगळं होतं?"

जिद्दो थांबला. "काल पारा आजारी होता, काका."

"पारा आजारी पडतो?"

"एरवी तो एका जागी येतो. बोटानं ढकलला तरी परत आपल्यात जाऊन मिळतो. काल बाजरीसारखा दाणेदाणे होऊन पळत होता. जमेचना. मी हाजींना हाक मारली. ते आले, वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. म्हणाले, मेलेल्याचा दगड आहे, जड असतो. चालू दे तसंच."

"गाळात काही राहिलं का, ते पाहिलंत?"

"अद्लानदादानं लगेच पाहिलं. हौदातलं पाणी घेऊन थाळीत धुतलं, तीनदा धुतलं. काही नाही." जिद्दोनं पेला वाळूत ठेवला. "काका, मी कुराणावर हात ठेवतो. पण लोक म्हणतात, चोरही ठेवतो. मग माणसानं करायचं काय?"

काकांनी पेला उचलून परत त्याच्या हातात दिला. परत येताना ते मला म्हणाले, "मस्तूराबाई, सोनं गिरणीत गेलं, हे नक्की. कुणाच्या अंगावर बाहेर गेलं नाही, हेही नक्की. फडक्यात नाही, चाकाखाली नाही, गाळात नाही. बंद डब्यातून माल गायब. माझ्या नोकरीत असं एकदा झालं होतं."

"मग माल कुठे होता?"

"डब्यातच," काका म्हणाले. "आम्ही बघत होतो चुकीच्या बाजूनं."

५

शनिवारी सकाळी हाजी हसबोंनी मन मोठं केलं. बुशाराला बोलावून साखरेचं पोतं दिलं, चहाचे पुडे दिले, कलतूमासाठी अंगाभोवती गुंडाळायचा नवा तोब दिला, तोही चांगल्या पोताचा. वर म्हणाले, "जिद्दोला मी माफ केलं. रविवारची वाट कशाला पाहायची? पोरगा गरीब आहे, आजच गुपचूप जाऊ दे. तूही बहिणीकडे जा. मेलेल्याच्या नावावर भांडण बरं नाही."

बाजारभर हाजींचं कौतुक झालं. बुशारानं गाठोडं बांधायला घेतलं.

"हाजींचा हात इतका सैल कधी झाला?" काका माझ्या बाकड्यावर बसून म्हणाले.

"देव कुणाच्याही मनात घालतो," मी म्हटलं. कुणाच्या चांगुलपणावर शंका घेणं मला आवडत नाही.

तेवढ्यात टँकरवाला आला. चहा मागून त्यानं खुशीत पाय पसरले. "मावशी, हाजीला काय झालंय हो? मंगळवारी हौद काठोकाठ भरून दिला. आज म्हणतो, परत भर. एका हप्त्यात दोनदा! हा माणूस माझ्याशी थेंबाथेंबासाठी वाद घालतो."

"मग मंगळवारचं पाणी?" काकांनी विचारलं.

"मला काय माहीत. प्यायला असेल."

काका उठले. मीही किटली उतरवून त्यांच्यामागे गेले. गिरणीच्या मागे, जिथे कुणाचं काही काम नसतं, तिथे वाळूचा मोठा पट्टा काळपट ओला होता. त्यावर तीन-चार धोबी पक्षी शेपट्या हलवत फिरत होते. या वाळवंटात मी त्यांना नदीकाठाखेरीज कुठे पाहिलं नव्हतं.

"हात धुतलेलं पाणीसुद्धा ज्याला वाळूवर टाकवत नाही," काका हळू म्हणाले, "त्यानं अख्खा हौद इथे ओतला. का?"

त्या वेळी आम्हा दोघांनाही ते कळलं नाही. गाळाच्या खड्ड्यापाशी दोन माणसं फावडी घेऊन तिराबच्या दळणाचा गाळ वेगळा ढीग करून ठेवत होती. काकांनी विचारलं तर ती म्हणाली, कंपनीचा ट्रक उद्या सकाळी येतोय. उरलंसुरलं सोनं काढायला गाळ विकत घेणारी ही कंपनी एरवी खड्डा भरल्यावरच ट्रक पाठवते. खड्डा अजून अर्धाही भरला नव्हता.

दुपारी मी बुशारासाठी वाटेतल्या भाकऱ्या भाजल्या. माझी बोटं थंडीनं भेगाळतात, म्हणून भाकऱ्या झाल्यावर त्यांना मेंढ्याची चरबी चोळली. अस्रची बांग झाली. वुजूला बसले, हातावर पाणी सोडलं, आणि पाणी कातडीवर टिकेना. गोल गोल दाणे होऊन घरंगळून गेलं.

माझी चूक मला कळली. हाताला चरबी असली की वुजू होत नाही. पाणी वरून निघून जातं, कातडीला लागतच नाही, आणि कातडीला लागलं नाही तर ते धुणं नव्हे. मी चुलीतली राख घेतली, बोटं घासली, पुन्हा पाणी घातलं. आता ते नीट पसरलं.

ओल्या हातांकडे बघत मी तशीच बसून राहिले. बाजरीच्या दाण्यांसारखं.

नमाज पुरी केली. मग थेट काकांकडे गेले.

"काका, एक सांगायचं राहिलं होतं. ते तसराळं हाजींनी हौदात ओतलं होतं. एकच नव्हे, सगळी. नंतर परातीही त्याच पाण्यात विसळल्या."

"मग?" काका म्हणाले.

"अख्ख्या बाजाराच्या हातांची चरबी आणि साबण," मी म्हटलं. "तेच पाणी गिरणीत वर गेलं. सोन्याच्या कणाकणावर चरबी बसली, पाऱ्यावरही बसली. पारा वरून निघून गेला, सोन्याला लागलाच नाही. अद्लाननं गाळ धुतला तोही त्याच पाण्यानं. चरबीचं सोनं थाळीवरून तरंगत गेलं असेल. तुम्ही गोण्यांची धूळ धुतलीत माझ्या रांजणातल्या पाण्यानं, म्हणून रेघ दिसली."

"म्हणजे चोर नाहीच," काका म्हणाले. मग गिरणीकडे बघत, "नव्हता. गुरुवारी नव्हता."

६

बुशारा आणि जिद्दोला आम्ही कारण न सांगता रात्रभर थांबवून घेतलं. रविवारी सकाळी ट्रक आला. हाजी स्वतः उभे राहून भरून घेत होते. आम्ही पोचलो तोवर ढीग वर चढला होता आणि ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं होतं. काकांनी हात केला, हाक मारली, कुणी ऐकलं नाही. ट्रक हलला.

तेव्हा काकांनी गळ्यातली शिट्टी तोंडात धरली आणि वाजवली. मालगाडी थांबवायची लांब शिट्टी. ड्रायव्हरनं घाबरून ब्रेक दाबला. सगळा बाजार बाहेर आला.

"काय झालं?" हाजींनी विचारलं.

"काही नाही. सिग्नल पडलेला नाही," काका म्हणाले. "हाजी, हौद का रिकामा केलास?"

"माश्या झाल्या होत्या. वास येत होता."

"कसला?"

हाजी ट्रककडे वळले. तेवढ्या वेळात अद्लान, बुशारा, जिद्दो, सगळे जवळ आले. काकांनी आवाज न चढवता ओळीनं सांगितलं. करामाचं जेवण, तसराळी, दाणेदाणे झालेला पारा, गोण्यांची धूळ, ओली वाळू, वेळेआधी आलेला ट्रक. मध्येच मी माझा हात आणि राख सांगितली.

"जिद्दोनं हाक मारली तेव्हा तू पारा पाहिलास," काका म्हणाले. "इतकी वर्षं गिरणी चालवतोस. सोनं गाळात गेलं, हे तुला तेव्हाच कळलं, म्हणून चरबीचं पाणी ओतून टाकलंस आणि ट्रक बोलावलास."

हाजी हसले, पण ते हसू नीट आलं नाही. "आणि कळलं असेल तर? बाजाराचा नियम काय? दगडाचं सोनं विहीरवाल्याचं, गाळ गिरणीवाल्याचा. मी कुणाच्या गोणीत हात घातला नाही. मी चोरी केली नाही, खलफल्ला. मी फक्त बोललो नाही."

कुणीतरी हळूच म्हणालं, नियम तर तोच आहे. ते खरंही होतं. लोक एकमेकांकडे पाहू लागले. जिद्दो सुटला हे सगळ्यांना दिसलं, पण कलतूमाचं सोनं ट्रकमध्येच होतं आणि ट्रकचं इंजिन अजून चालू होतं.

काकांनी शिट्टी जलाबियात खोचली. "गाळ गिरणीवाल्याचा, बरोबर. पण कधी? दळण पुरं झाल्यावर. गाडी मध्येच रुळावर थांबली, तर गार्ड उतारूंना खाली उतरवून त्यांचं सामान ठेवून घेत नाही. तुझ्या पाण्यानं दळण बिघडलं, हाजी. ते पुरं झालेलंच नाही. आधी ते पुरं कर. मग जो उरेल तो गाळ तुझा, चिमूटही कमी नाही."

"आणि नाही केलं तर?"

मग जिद्दो पुढे आला. गुरुवारपासून तो कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता. आता त्यानं दिली.

"हाजी, तुम्ही बोलला नाहीत," तो म्हणाला. "मी तुमच्याकडे तीन वर्षं आहे. लोकांनी माझं तोंड उघडून आत बघितलं, तेव्हा तुम्ही समोर उभे होता."

हाजींनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. मग ड्रायव्हरकडे वळून म्हणाले, "बंद कर ते. उतरवा सगळं."

७

माझ्या चुलीची राख पुरली नाही, म्हणून सगळ्या चहावाल्यांनी आपापली दिली. पारा त्या राखेच्या पाण्यात धुतला, तसा तो पुन्हा एका जागी आला. गाळ हाजींच्याच नव्या टँकरच्या पाण्यानं धुतला. फडकं जिद्दोनंच पिळावं, असं बुशारा म्हणाला.

"मी?" जिद्दो म्हणाला. "आधी झडती घ्या."

"माफ कर म्हणायला मला तोंड नाही," बुशारा म्हणाला.

"मग चहा पाज. मावशीकडे उधारी नसते."

दुपारच्या नमाजेआधी फडक्यात लिंबाएवढा गोळा आला. जाळल्यावर वाटीत जे उरलं ते बघायला कुणी वाकलं नाही. उभ्या उभ्याच दिसत होतं. अद्लान तिथून उठून टेकडीकडे गेला आणि बराच वेळ परत आला नाही.

बुशारा त्याच दिवशी निघाला. साखरेचं पोतं आणि तोब त्यानं हाजींच्या दारात ठेवले. मग मी म्हटल्यावर तोब परत उचलला; कपड्याचा काय दोष. जिद्दो पलीकडच्या गिरणीत लागला. तिथल्या मालकानं स्वतः येऊन नेला.

हाजींना बाजारानं काही शिक्षा केली नाही. त्यांच्या गिरणीवर लोक आता थोडे कमी जातात, एवढंच.

त्यानंतरच्या सोमवारी कुणाच्या तरी विहिरीत सोनं लागलं आणि मुक्कामावर करामा झाला. माझा रोजा होता, म्हणून झारी माझ्याकडे होती. तसराळं भरलं. मी ते उचलायच्या आधी कुणीतरी माझ्या हातातून घेतलं. हाजी होते.

टेकडीवर तिराबच्या कबरीपाशी अद्लाननं बोराचं रोप लावलं आहे. वाळवंटात ते जगणार नाही, असं सगळेच म्हणत होते. हाजी तसराळं दोन्ही हातांनी धरून, थेंब सांडू न देता, टेकडी चढून गेले आणि पाणी रोपाच्या बुडाशी ओतलं. परत आले, रिकामं तसराळं माझ्यापुढे ठेवलं आणि ते भरायची वाट बघत उभे राहिले.

आता कुठेही करामा असला तरी ते येतात. जेवतात कधी, कधी नाही. पण तसराळं तेच नेतात. बोराला या थंडीत पहिली पानं फुटली आहेत.